एक्याऐंशी दशांश दोन

विजयमालाबाईंनी कागदावर सहा रकाने आखले आणि चूक तिथेच झाली. पाच पुरले असते. पण हे कळायला त्यांना सव्वीस दिवस लागले, आणि कळलं तेव्हा पंचायतीच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अनुक्रमांक, नाव, वय, घर क्रमांक, सही. नियमाला एवढंच हवं होतं. सहावा रकाना बाईंनी आपल्या मनाने घातला: 'या जागेशी नातं'. तेहेतीस वर्षं त्यांनी पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की त्या ती रिकामी करायला लावत. म्हणणं मांडायचं तर पुरावा हवा, ही सवय हाडात मुरलेली. आणि या जागेला तर कागदोपत्री काहीच पुरावा नव्हता.

जागा म्हणजे नाल्याकाठचा अर्धा एकर. पटवाऱ्याच्या दप्तरात ती 'पडीत' होती. गाव तिला लेकरमाती म्हणे. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. बाप आणि सोबत आणखी एखादा माणूस त्याला धडप्यात गुंडाळून नेतो, नाल्यावर हातपाय धुतो आणि तासाभरात घरी येतो. वर दगड ठेवत नाहीत, खूण करत नाहीत. बाया तिथे जात नाहीत, आणि कुठे ठेवलं म्हणून विचारतही नाहीत. आईला जागा कळली तर तिचा जीव तिथेच घुटमळतो, पुढची कूस भरत नाही, असं म्हणतात. त्यामुळे त्या अर्ध्या एकरात किती लेकरं आहेत, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव झाला. नाल्याकाठच्या पडीत जमिनीवर संत्रा निवडायची आणि पेट्या भरायची शेड बांधायची, आणि यापुढे तिथे कुणाला पुरायचं नाही. ठराव वाईट नव्हता. बाईंच्याही बागेत दोनशे झाडं होती, आणि माल सौंसरच्या रस्त्यावर उन्हात पडून राहतो हे त्याही बघत होत्याच. सभेत हात वर झाले. बाया मागे बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी त्या पंचायतीत गेल्या. सचिव विशाल त्यांचाच जुना विद्यार्थी, दहावीला विज्ञानात दोनदा अडकलेला.

"ठराव बदलते ना मॅडम," तो खुर्ची पुढे करत म्हणाला. "ग्रामसभेनं केला तं ग्रामसभाच बदलू शकते. पण विशेष सभा बोलवा लागते. गावातले मतदार आठशे बारा. त्याईच्यातल्या कमीत कमी दहाव्या हिश्श्यानं सही करून अर्ज द्यायचा. तीस दिवसांच्या आत. चार तं गेले."

"म्हणजे एक्याऐंशी दशांश दोन."

"म्हणजे ब्याऐंशी, मॅडम. दशांश दोन माणूस कोठून आणान?"

बाई हसल्या. वर्गात त्या शिकवत, दशांश पाचच्या खालचं असेल तर सोडून द्या. इथे 'कमीत कमी' असा शब्द होता, म्हणून वर जायचं.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. नाल्याकाठचा अर्धा एकर दप्तरात दफनभूमी म्हणून नोंदवावा, त्यावर बांधकाम करू नये असा गावाचा नियम करावा, आणि शेड पलीकडच्या गायरानावर हलवावी. मग रकाने आखले आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. सहाव्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'मुलगी. १९९१. सहा दिवसांची.'

चौतीस वर्षांत ते कुठे लिहिलं गेलं नव्हतं. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं. नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलाला, प्रतीकला, आपल्याला एक मोठी बहीण होती हेही माहीत नव्हतं. यजमान देवीदासरावांनी तिला नेलं त्या सकाळी बाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. ते परत आले, अंगणात बराच वेळ हात धूत राहिले. त्यांनी सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी तेही गेले.

सह्या मागत त्या घरोघर फिरल्या. पुरुषांनी भराभर केल्या. सहाव्या रकान्यात कुणी 'भाऊ' लिहिलं, कुणी 'पुतण्या', कुणी नुसतंच 'गावकरी'. ऐंशी वर्षांचे बापूजी ओसरीवर बसले होते, त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून विचारलं, "येथं काय लिवू, सूनबाई? मी तं खड्डे खंदले."

"तेच लिहा, बापूजी."

त्यांनी लिहिलं, 'खंदणारा'. मग कागद परत न देता म्हणाले, "देवीदास पावलं मोजत होता. मोठ्या पळसापासून उगवतीकडं, बावीस. मी म्हणलं, काहून मोजतं बे, आपल्यात मोजत नाई. तं म्हणे, ते कवातरी इचारन."

बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"तुमी इचारलंच नाई," बापूजी म्हणाले.

"नाही विचारलं."

त्यांना त्याच वेळी जावंसं वाटलं. पण बाया जात नाहीत, आणि अर्ज चालू असताना आपणच रीत मोडली तर लोकांना बोलायला जागा मिळेल, असा त्यांनी विचार केला. सभा होऊन जाऊ दे. नियम झाला की उजळ माथ्याने जाऊ, बावीस पावलं मोजू.

बायांचं तसं नव्हतं. कुसुम, बाईंच्या बागेत संत्रा तोडायला येणारी, पेन हातात घेऊन सहाव्या रकान्याकडे बघत राहिली.

"बाई, हे लिवाच लागते काय?"

"लिहिलं तर बरं. नाहीतर उद्या म्हणतील, तिथे कोणीच नाही."

"हाय ना. दोन हायत. पण हे पंचायतीच्या दाराले लागन, लेकाच्या सासरचे येतात, सारे वाचतीन. म्हणतीन, इच्या पोटचे जगत नाईत." मग एकदम तिचा चेहरा उजळला. "मी माहेरच्या नावानं करू काय? अथी कोणालेच ठावं नाई. ताटलीतल्या तांदळावर नवऱ्यानं कुसुम लिवलं, तवापासून मी कुसुम. माहेरी मी इंदू होती."

मतदार यादीतलंच नाव चालतं, हा नियम बाईंना माहीत होता. पण कुसुमने 'इंदू' लिहिलं आणि पुढच्या रकान्यात, मोडक्या अक्षरात, 'दोन पोरं' लिहिलं, तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते बघून बाईंनी तिला अडवलं नाही. घर क्रमांक आहे, वय आहे, तेवढ्यावर ओळख पटेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तपासून पाहिलं नाही.

कुसुमने ते एकीला सांगितलं असावं. बाया दुपारी एकेकट्या येऊ लागल्या. कुणी दही मागायला, कुणी नातवाचा अभ्यास विचारायला. कागद पुढे ओढायच्या आणि गावात कुणी कधी न ऐकलेलं एखादं नाव लिहायच्या. मथुरा. सखू. पार्वती. शकुंतलाबाई आल्या, गावात ज्यांच्या तोंडाला सगळे भीत. त्यांनी 'शेवंता' लिहिलं, पुढे 'एक मुलगा, तीन महिने', आणि पदराने पेन पुसून परत दिलं. जाताना म्हणाल्या, "आमच्या हिमानीले सांगजो नका, बाई. नवी सून हाय. तिचं मांगच्या साली एक गेलं, अन् आता पुन्हा दिवस हायत."

दोन दिवसांनी हिमानी आली. तिने 'दिपाली' लिहिलं. पुढे काहीच लिहिता येईना, तेव्हा तिने त्या चौकटीत नुसतं एक टिंब दिलं.

"आईंना नका सांगू, बाई," ती म्हणाली. "त्यांना वाटते मी विसरली."

अशा चौदा झाल्या. एकूण सह्या एक्याण्णव. बाईंनी तीनदा मोजल्या.

तिसाव्या दिवशी बाजार होता. सकाळी त्यांनी अर्ज दिला. विशालने मतदार यादी उघडली आणि पट्टी लावून एकेक नाव बघू लागला. बारा वाजले. मग तो थांबला.

"मॅडम, ह्या इंदू कोण?"

बाईंनी पट्टीकडे पाहिलं.

"शेवंता? दिपाली? मथुरा? अशा नावाच्या बाया गावात नाईच. यादीत नाई तं मी कशा धरू? चौदा हायत." त्याने कागद उलटा करून त्यांच्याकडे सरकवला. "सत्त्याहत्तर राहिले. पाच कमी."

"घर क्रमांक बरोबर आहेत, विशाल."

"घराले मत नसते ना मॅडम." मग त्याचं बोट सहाव्या रकान्यावरून खाली गेलं. तो वाचत होता. त्याचा आवाज उतरला. "हा रकाना कोणी सांगतला होता? हे तं मागतच नाई कोणी. नुसतं नाव अन् सही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बारा दहा.

"पाच वाजेपर्यंत उघडं आहे ना?"

"पाचपर्यंत बसतो मी."

त्यांनी तिथेच कोरा कागद घेतला आणि पाच रकाने आखले. हात स्थिर होता. बाहेर गाव रिकामं होतं. निम्मे बाजाराला, निम्मे कापूस वेचायला. कुसुम वेचणीवर होती, तिला गाठायला बाई पऱ्हाटीतून दीड मैल चालत गेल्या. कुसुमने ओटीतला कापूस सांभाळत, वाकून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. कुसुम. घर क्रमांक. वय.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मंग पयलेच असं आणलं असतं तं?" कुसुम सहज बोलली आणि परत बोंडाला हात घातला.

त्याच शेतात मथुरा भेटली, जिचं यादीतलं नाव रश्मी होतं, आणि तिची जाऊ. चौथी सही गावात शिरताना पिठाच्या गिरणीवर मिळाली. साडेतीन झाले होते. पुढची सात घरं बंद. आठव्यात एक माणूस होता, पण त्याने सही केलेली नव्हती आणि करणारही नव्हता. "शेडवाल्याईनं सांगतलं हाय बाई, सही करन त्याचा संत्रा शेवटी भरू. तुमचं काय, तुमाले पेन्शन हाय."

सव्वाचारला त्या शकुंतलाबाईंच्या अंगणात उभ्या होत्या. या घरात दोन सह्या होत्या. एक पुरली असती.

शकुंतलाबाई डाळ निवडत होत्या. बाजूला हिमानी पाटावर बसलेली, पाय लांब करून. तिचं पोट चांगलंच दिसत होतं.

"या बाई. कायचा कागद आणला?"

"तोच. नाल्याकाठचा. एक सही कमी आहे. नुसतं नाव लिहायचं आहे, बाकी काही नाही."

शकुंतलाबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि त्या नजरेत विनवणी होती.

"आमच्या घरचं कोणी नाई बाप्पा तथी," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अन् इले सातवा लागून राहिला. त्या जागेचं नाव या घरात काढजो नका. कागद भाइर ठेवून या अन् चहा घ्या."

हिमानीने मान वर केली नाही. पण तिचा हात पुढे आला होता. "द्या बाई," ती अगदी हळू म्हणाली. "मी करते."

"काय म्हणली?" सासूने विचारलं.

बाईंनी हिमानीचा हात पाहिला. दुसरा हात पोटावर घट्ट दाबलेला होता. पोटाला काही ऐकू जाऊ नये म्हणून दाबावा तसा. अर्जाची यादी आठ दिवस पंचायतीच्या दाराला लागणार होती. बाळंतपणात काही उणंअधिक झालं तर उरलेला जन्म या मुलीला काय ऐकावं लागेल, हे बाईंना ठाऊक होतं. एका सहीने गर्भाला काही होत नाही, हे शास्त्र त्यांनी शिकवलं होतं. पण काही झालंच, तर या अंगणात ते शास्त्र कुणी मानलं नसतं. कदाचित हिमानीनेही नाही.

सासू इकडे बघत होती, सून तिकडे. दोघींचंही लपवलेलं पंचायतीच्या टेबलावर होतं, एकाच कागदावर, चार ओळींच्या अंतराने.

त्यांनी पेनला टोपण लावलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "मिळेल दुसरी. तू चहा कर, पण वाकू नकोस."

दुसरी मिळाली नाही. पाचला दहा मिनिटं होती तेव्हा त्या विशालसमोर बसल्या. त्याने चार नावं यादीत पाहिली, चारही बरोबर. बेरीज मांडली आणि पेन खाली ठेवलं.

"एक्याऐंशी."

"हो."

त्याने मतदार यादी त्यांच्याकडे वळवली. मग उठून म्हणाला, "मी पाणी पिऊन येतो, मॅडम. यादी येथंच हाय. उघडीच हाय." आणि जाताना दार ओढून घेतलं.

यादी खरंच उघडी होती. हिमानीचं नाव समोर होतं, अनुक्रमांक चारशे सतरा. बाईंना एका ओळीची गरज होती, आणि ती सही खरी की खोटी हे कुणी कधी तपासलं नसतं. त्यांनी पेन उघडलं. बाहेर हापशाचा आवाज येत होता, विशाल गरजेपेक्षा खूप जास्त पाणी उपसत होता. सहा दिवस त्या लेकराला त्यांनी पाजलं होतं. पाचव्या दिवशी तिने बोट धरलं होतं. बावीस पावलं. एका ओळीची गोष्ट होती.

विशाल परत आला तेव्हा पेनला टोपण होतं. ओळ कोरी होती. त्याने ओळीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि अर्जावर लाल शाईत लिहिलं, 'अपूर्ण'. लिहिताना त्याने मान खाली घातली, ती बाई दाराबाहेर पडेपर्यंत वर केली नाही.

"जुने कागद मी घेऊन जाते," दारातून बाई म्हणाल्या. "ते दाराला लावायचे नाहीत ना?"

"नाई मॅडम. अर्जच मंजूर नाई तं यादी लागत नाई."

चौदा जणी वाचल्या. घरी येऊन त्यांनी ते कागद ट्रंकेत देवीदासरावांच्या धोतराखाली ठेवले.

सोमवारी जेसीबी आला. आवाज गावभर ऐकू येत होता. बाई दिवसभर घरात राहिल्या. मंगळवारी दुपारी तो थांबला, तेव्हा त्यांनी चपला घातल्या आणि रीत बाजूला ठेवून नाल्याकडे निघाल्या. वाटेत बापूजी ओसरीवरून उतरले आणि काठी टेकत मागे आले.

जमीन सपाट झाली होती. तांबडी, ओलसर, तिच्यावर चाकांचे पट्टे. वर आलेली माती कडेला ढिगात होती. मोठा पळस नव्हता. बुंधा नव्हता, मुळंही उपटून नेलेली, आणि खड्डा भरून त्यावरून रोलर फिरवलेला.

"अथी होता," बापूजी एका जागी काठी रोवून म्हणाले. मग जरा पुढे गेले. "नाई. अथी." त्यांनी नाल्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले. "नाला तरी जाग्यावर हाय ना, सूनबाई? मले असं वाटून राहिलं, नालाच सरकला."

"राहू द्या, बापूजी."

पण ते उगवतीकडे तोंड करून चालू लागले, मोठ्याने मोजत. एक. दोन. तीन. त्यांचं पाऊल आता वितीएवढं पडत होतं. सातव्यानंतर आकडा चुकला, ते थांबले, आणि परत काठीपाशी येऊन पहिल्यापासून सुरू केलं. देवीदासराव उंच होते, ढांगा टाकत चालायचे. बाईंना अंतर माहीत होतं, दिशा माहीत होती. कुठून, ते आता कुणालाच माहीत नव्हतं. अर्जाचे सव्वीस दिवस तो पळस उभा होता.

मागे पावलं वाजली. शकुंतलाबाई होत्या, कमरेवर रिकामी घागर. नाल्याला पाणी घोटाभरही नव्हतं आणि त्यांच्या घरी नळ होता. त्या कडेला थांबल्या. त्या सपाट मातीकडे त्यांनी इकडून तिकडे एकदा पाहिलं.

"तुमचं कोणत्या बाजूले होतं, बाई?"

"माहीत नाही."

"माह्यंबी नाई माईत." त्यांनी घागर खाली ठेवली. मग चपला काढल्या, चाकाच्या पट्ट्यावरच मांडी घातली आणि बाजूची माती हाताने सारखी केली.

"मंग कोठीबी बसा," त्या म्हणाल्या. "बसा ना, बाई."